मागाच्या खड्ड्यातला देव

मशीन गावात यायचं होतं त्या सकाळी मी खड्ड्यातल्या देवाला नवस बोलले. म्हटलं, देवा, त्या मशीनची बॅटरी उतरू दे, त्यात पाणी जाऊ दे, नाहीतर ते घेऊन येणाऱ्या पोरीची गाडी वाटेत बंद पडू दे. नारळ फोडीन. दोन फोडीन. पण देवानं काही मनावर घेतलं नाही. साडेनऊच्या ठोक्याला गाडी बिरोबाच्या देवळापुढं येऊन उभी राहिली, आणि तीसुद्धा बिनड्रायव्हरची. आमच्या रस्त्यावर माणसानं चालवलेली एसटी महिन्यातून दोनदा पाटा मोडून बसते, आणि ही मात्र आली सुखरूप. नशीब एकेकाचं.

मी शालन. बिरोबाच्या पिंपरीत घोंगड्या विणतात आणि त्यात सिद्रामअण्णाची घोंगडी म्हणजे शेवटचा शब्द, असं आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. सिद्राम माझा थोरला भाऊ, वय सहासष्ट. मी छप्पन्न. नवऱ्यानं टाकल्यावर चोविसाव्या वर्षी माहेरी आले ती इथलीच झाले. वहिनी देवाघरी गेली, आता घरात आम्ही दोघं. आणि सिद्रामअण्णाची घोंगडी गेली अकरा वर्षं मी विणते. हे फक्त अण्णाला ठाऊक आणि मला. तिसरा तो खड्ड्यातला देव.

आता देव खड्ड्यात कसा, ते सांगते. आमचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायानं पावड्या दाबतो, म्हणजे वर धागे उघडमिट होतात. लोकर धुवायची, पिंजायची, सूत काढायचं, ताणा लावायचा, शेवटी चिंचोक्याची खळ शिजवून घोंगडीला चोळायची, हे सगळं कंबरडं मोडेपर्यंत बाईनंच करायचं. पण खड्ड्यात बाईचा पाय पडायचा नाही. पडला, तर खड्डा माती घालून बुजवायचा, माग उपटायचा, आणि त्या घरानं पुन्हा विणायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना बाळव्वाचा खड्डा बुजवलेला या डोळ्यांनी बघितलाय. नवरा तापानं पडला होता म्हणून चार दिवस बसली होती बिचारी. पुढं ते घरच गाव सोडून गेलं.

आमच्या खड्ड्याच्या तळाशी एक काळा चपटा दगड आहे. त्यावर शेजारी शेजारी दोन गुळगुळीत खळगे, ते देवाचे डोळे. नवी घोंगडी मागावर चढवली की डोळ्यांत हळदकुंकू भरायचं, अशी रीत. असा देव गावात बऱ्याच घरांत आहे, सगळ्यांत नाही. देवाला पाय लागू नये म्हणून पुरुष माणसं गुडघे आखडून बसतात आणि म्हातारपणी गुडघे धरून कण्हतात. माझे पाय आखूड. टाचा दगडावर टेकवल्याशिवाय मला पावडी दाबताच येत नाही. म्हणून रोज बसताना म्हणायचे, देवा, माफ कर. अकरा वर्षांत एक दिवस चुकवलं नाही.

अण्णाच्या हाताला कंप सुटला तेव्हा हे सुरू झालं. आडवा धागा नेणारा धोटा टाकला की भलतीकडंच जायचा. एके दिवशी जेवण झाल्यावर तो मागाकडं बघत बसून राहिला आणि म्हणाला, "शाले, संपलं आपलं." मी म्हटलं, "सरक." एवढंच बोलणं झालं. मी बसले. आणि काय सांगू, हातांना सगळं आधीच येत होतं.

लहानपणी ऐकलं होतं ना. वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरात दुपारी जेवणं झाली की मागघराचं दार लावायचं. वाऱ्यानं लोकर उडते म्हणून. मी बाहेर ओट्यावर रहाट फिरवत बसायचे आणि आत माग वाजायचा. ठक, ठक, ठक. प्रत्येक आडव्या धाग्याला फणीचे तीन ठोके. अण्णा घोंगड्या घेऊन बाजार फिरायचा, आणि आई आत वडिलांना धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरून द्यायला बसलेली असायची. तो ताल माझ्या अंगात कधी मुरला, कळलंच नाही. मी नुसत्या कानांनी शिकले. आता दारामागं मी विणायचे आणि कांड्या अण्णा भरायचा.

या तीन ठोक्यांना पिंपरीची तिठोकी म्हणतात. घट्ट तरी मऊ, वरून पाणी ओतलं तर घरंगळून जाईल. बाकीचे विणकर आता दोनच ठोके मारतात. आमच्या मागवाल्यांचे पंच मायाप्पातात्या, वय अठ्ठ्याहत्तर, चारचौघांत म्हणायचे, "हल्लीच्या गड्यांत दमच न्हाय राह्यला. तिठोकी मारणारा एकटा सिद्राम उरला. मर्द गडी!" मी तिथंच चहाचे कप उचलत असायचे. हसू दाबता दाबता पोटात दुखायचं.

तर मशीन. ते का आलं, हेही सांगायला पाहिजे.

आठ-दहा वर्षांपूर्वी कारखान्यांनी हुबेहूब हातमागासारखी घोंगडी काढली. हुबेहूब म्हणजे चुकांसकट. मधेच धागा सैल, मधेच काठ वाकडा, सगळं कॉम्प्युटरनं पेरलेलं. लेबलावर पिंपरीचं नाव ठोकून विकायचे. गिऱ्हाइकाला फरक कळेना, आम्हाला कळे पण आमचं ऐकतो कोण? पोरं गाव सोडून गेली. दोनशे मागांतले एकतीस राहिले. सातवीच्या पुढची शाळा बंद पडली.

मग हे हातओळख यंत्र निघालं. ते घेऊन आलेली तहसीन मुजावर, मिरजेची. आजोबा तंबोरे करायचे आणि ही अशी यंत्रं करते. वय असेल तीस, अंगानं काडी, आवाज खणखणीत. मशीन म्हणजे लाटण्याएवढी कांडी. तीही बाईच्या आवाजात बोलते, म्हणून दुपारपर्यंत गावानं तिचं नाव साक्षीबाई ठेवून टाकलं.

तहसीननं देवळाच्या ओवरीत सगळ्यांना बसवून समजावलं. कांडीतून तिरपा उजेड पडतो आणि दोन धाग्यांमधलं अंतर केसाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलं जातं. वीतभर कापडात असे शेकडो ठोके सापडतात. कुठला जोरात, कुठला हलका, दमल्यावर कसा पडतो, धागा तुटून पुन्हा जोडल्यावर पहिले चार ठोके कसे पडतात.

"लांबून चालत येणारं माणूस चेहरा दिसायच्या आधी चालीवरून ओळखता ना तुम्ही?" ती म्हणाली. "तशीच हाताचीही चाल असते. कारखाना चुका पेरतो, पण सुट्या सुट्या. खऱ्या हाताच्या चुकांचं एकमेकींशी नातं असतं. ते नातं कारखान्याला जमत नाही."

"आन् शिकवणाऱ्याचा हात?" कुणीतरी विचारलं.

"तोही दिसतो. जोर ज्याचा त्याचा असतो, ताल गुरूचा असतो. गवयाचं घराणं कळतं तसं."

पुढचं ऐकून गाव ताठ बसलं. हस्तकला महामंडळ तीन गावांमधून एका गावाला विणघर देणार होतं. लोकर धुवायचा कारखाना, नव्या मागांची शेड, शिकवणीचे वर्ग, आणि त्यामागोमाग शाळा नि रस्ता. प्रत्येक घोंगडीवर विणणाऱ्याचं नाव, गिऱ्हाइकानं फोन धरला की त्याचा चेहरा, त्याच्या मागाचा आवाज. अट एकच. गावाची हातवही तयार झाली पाहिजे. कुठला हात कुणाचा, पक्कं.

"पक्कं कसं ठरवणार?" मायाप्पातात्यांनी विचारलं. "मेलेल्यांचं काय?"

आणि मग स्वतःच मांडीवर थाप मारून म्हणाले, "देवाची घोंगडी!"

आमच्यात प्रत्येक विणकर आयुष्यात एकदा देवळाच्या ओवरीत, जत्रेच्या आठवड्यात, सगळ्या गावासमक्ष एक घोंगडी विणतो आणि बिरोबाला वाहतो. कोपऱ्यावर नाव शिवलेलं असतं. ती विकायची नाही, वापरायची नाही. देवळाच्या पेटाऱ्यात साठ-सत्तर वर्षांच्या घोंगड्या कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेल्या. त्यात अण्णाचीही होती, तिसाव्या वर्षी विणलेली, अण्णाच्या खऱ्या हातची. दोन ठोक्यांची.

तात्यांनी पेटारा उघडला. मी पदर दातांत धरून घरी आले.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तहसीन आमच्या घरी आली. म्हणाली, सिद्रामअण्णांचं नाव ऐकून पहिली इथंच आले. मी घोंगडी काढून दिली आणि चहा टाकायला गेले. माझ्या डोळ्यांसमोर खड्ड्यात पडणारी मातीची घमेली दिसत होती. चहा घेऊन आले तर पोरीचं वाचून झालेलं, कांडी मांडीवर. अण्णानं कप घेतला. बशी खडखडली. तिनं त्या हाताकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. माझ्या तळव्याला फणीचे घट्टे आहेत. लपवायचे कुठं?

"आत्या," ती म्हणाली, "कुणाकडून शिकलात?"

अण्णा उसळला. "तिला काय विचारती? माझी घोंगडी हाय. हात कापतो म्हनून फरक पडला आसंल."

"कंप असलेला हात मशीनला वेगळा कळतो, अण्णा. हा हात निरोगी आहे. आणि फार सुंदर आहे." ती मान खाली घालून म्हणाली. "मला उद्या सगळ्यांसमोर वाचावं लागेल. खोटं नोंदवता येत नाही, नोंदवलं तर गावच बाद होतं. पण वाचायला दहा वाजता सुरुवात होईल. त्याआधी तुम्ही स्वतः सांगितलंत तर..."

चहा तसाच ठेवून गेली.

"मी सांगतो," अण्णा म्हणाला. "म्हंतो, मीच जबरदस्ती केली."

"आणि खड्डा? तो बुजवायचा राहील का?"

"न्हाय राहनार."

मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, तू सुटशील रे, चार शिव्या खाऊन सुटशील, माझं काय? मला नवरा नाही, पोर नाही, शेताचा तुकडा नाही. मला तो माग आहे. दुपारी दार लावून बसले की मी कुणाची टाकलेली बाई नसते. तेवढे चार तास मी माझी असते. ते गेलं तर मी उरते कशाला? बोलता बोलता मला रडू कोसळलं. अण्णा कापत्या हातानं माझ्या पाठीवर थोपटत राहिला.

सकाळी मी हिरवं इरकल नेसले. अण्णा म्हणाला, "लग्नाला चालली का?" मी म्हटलं, "मयताला. पण नटून."

ओवरीत गाव लोटलं होतं. प्रत्येक घरानं वाडवडिलांच्या हातची एकेक घोंगडी आणली होती. मायाप्पातात्या पहिल्या रांगेत, मांडीवर त्यांच्या वडिलांची काळी घोंगडी, कोपरे झिजलेले. गुडघे धरून, बिचारे. पावणेदहाला मी उठले.

"मला बोलायचंय."

"बाया मागनं बोलतील," तात्या म्हणाले.

"मागनं बोलून उपयोग नाही. सिद्रामअण्णाची घोंगडी अकरा वर्षं मी विणतीय. अण्णाचा हात गेलाय. तिठोकी माझी हाय. काय करायचं ते करा."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग एकदम कालवा झाला. कुणी म्हणालं पिंपरीचं नाक कापलं, कुणी म्हणालं विणघर गेलं हातचं, कुणी नुसतंच "आगं बया बया" करत बसलं. अण्णा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

तात्या उठले. त्यांचा चेहरा रागानं नाही, दुःखानं वाकडा झाला होता, ते मला जास्त लागलं. "सिद्रामा, तुला मर्द गडी म्हनत हुतो रं मी." मग देवळाच्या कोपऱ्यातलं खोरं उचललं. "रीत ती रीत. खड्डा बुजवायचा. मी सोता बुजवनार."

"तात्या, दहा वाजले," तहसीन मधे येऊन उभी राहिली. "वाचन सुरू करायचं आहे. तुमच्या वडिलांच्या घोंगडीपासून करू? तेवढं बघून जा."

बापाचं नाव निघाल्यावर तात्या थांबले. खोरं हातातच. तहसीननं आधी पेटाऱ्यातली त्यांच्या वडिलांची देवाची घोंगडी वाचली, मग घरची. साक्षीबाई बोलली, "हात जुळत नाही. घरच्या घोंगडीचा हात निनावी. प्रति धागा तीन ठोके."

"पुन्यांदा बघ," तात्या म्हणाले. पुन्हा बघितलं. तेच.

तहसीनच्या कपाळावर आठी पडली. तिनं दुसरी घेतली, तिसरी घेतली. एक जुळायची, दोन नाही जुळायच्या. देवळातल्या सगळ्या घोंगड्या दोन ठोक्यांच्या. घरातल्या जुन्या, नावाजलेल्या, मऊसूत, त्या तीन ठोक्यांच्या. पिंपरीची तिठोकी कुठल्याच बाप्याच्या हातात सापडेना. तेवीस हात निनावी निघाले.

शेवटी आमच्या वडिलांची निघाली. मी पांघरते ती. तहसीननं वाचली आणि वर बघितलं. "आत्या, काल विचारलं होतं ना, कुणाकडून शिकलात? हा हात तुमचा गुरू आहे. ताल तोच, जोर वेगळा."

"वडील माझे. दाराबाहेर बसून ऐकायचे मी."

"वडिलांचा हात हा," तिनं पेटाऱ्यातली दाखवली. "दोन ठोके. हा तो नाही."

"आसं कसं? दारामागं वडील होते आणि आई. आई तर कांड्या..."

अण्णानं माझा दंड धरला. अकरा वर्षं कांड्या भरणारा माणूस तो, त्याला माझ्याआधी कळलं. "शाले," तो म्हणाला, "कांड्या वडील भरत हुतं गं. दमा हुता न्हवं त्यांना."

मी ती घोंगडी तहसीनच्या हातातून घेतली. आईची.

आणि तेवढ्यात मागनं हसू आलं. मायाप्पातात्यांच्या मंडळी, कोंडाकाकू. पंचाहत्तर वर्षांची बाई, तोंडात दोन दात, पदर तोंडाला लावून गदगदा हसत होती.

"आवं, तुमी समदी शानी मान्सं," ती म्हणाली, "तुमचं वडील दसऱ्याला घोंगड्या घिऊन बाहिर पडायचं, बाजार फिरत फिरत जेष्ठात घरी यायचं. आठ म्हैनं. आन् घरात तर घोंगड्यांची थप्पी लागल्याली असायची. मग त्या काय मेंढरं इनत हुती?"

मग कुठूनतरी बायकांकडून पहिली खसखस आली, आणि सगळी ओवरी फुटली. पोरं, बाया, बापे, पोट धरधरून. मेंढरं विणत होती! तहसीन खांबाला टेकून हसत होती. कुणीतरी विचारलं, "काकू, तुमाला ठावं हुतं तर बोलला का न्हाय?" काकू म्हणाली, "माज्या सासूनं शपथ घातली हुती. तिला तिच्या सासूनं. बाळव्वाचं बघितलं न्हवतं व्हय? आज शालीनं बोलून दावलं, मग मीच कशाला गप बसू?"

हसले नाहीत ते एकटे तात्या. खोरं खांद्यावर टाकून तरातरा निघून गेले.

पुढचं काय झालं ते तुम्ही ऐकलंच असेल. हातवही पुरी झाली. तेवीस निनावी हातांना तहसीननं घराघरांतल्या म्हाताऱ्यांना विचारून नावं लावली. बाळव्वाचंसुद्धा लागलं. महामंडळाच्या लोकांनी ती वही बघितली आणि विणघर पिंपरीला दिलं. असली वही दुसऱ्या कुठल्या गावाकडं नव्हती. ज्यांनी सिद्रामअण्णाची म्हणून घोंगडी घेतली होती, त्यांना खरं कळवलं. एकानं परत पाठवली, सात जणांनी माझा फोटो मागितला. आज एकशेचार माग आहेत, त्यांतल्या निम्म्यांवर बाया. दहावीपर्यंत शाळा झाली. पुण्याला गेलेली चौदा पोरं परत आलीत आणि माझ्याकडून तिठोकी शिकताना रडकुंडीला येतात. रस्ता मात्र अजून तसाच आहे. बिनड्रायव्हरच्या गाडीला चालतो, म्हणून साहेबांनाही चालतो.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. घरी आले, पोळी तशीच टोपल्यात ठेवली. हसणं वेगळं आणि रीत वेगळी, हे मला ठाऊक होतं. मायाप्पातात्यांचा शब्द फिरलेला मी कधी बघितला नव्हता. आणि खरंच, जेवणवेळ टळली आणि दारात तात्या उभे. हातात खोरं.

मी मागघराच्या उंबऱ्यावर आडवी बसले. "तात्या, बुजवायचा तर माझ्यासकट बुजवा."

"उठ गं," ते म्हणाले. "तुज्या खड्ड्यातला देव बगायचाय मला."

मी सरकले. तात्या कण्हत कण्हत काठावर बसले, वाकले आणि खड्ड्यातल्या दगडावर हात फिरवला. दोन्ही खळग्यांत बोटं घातली. कालच्या नवसाचं हळदकुंकू बोटांना लागलं.

"आमचाबी असाच हाय," ते म्हणाले. "मगाशी ह्या खोऱ्यानं उकरून वर काढला. उलटा करून बगितला. खाली काय न्हाय, नुसता दगड. मग म्हातारीला म्हनलं, पाय ठिव ह्यावर. ती ऐकंना. म्हनलं, ठिव, मी सांगतो."

"मग?"

"ठिवला. दोन टाचा, दोन खळगं. बराबर बसल्या गं, शाले. आज्जी, आई, ही... बायांच्या टाचांनी दगूड झिजला. आन् मी साठ वर्सं गुडघं आखडून बसलो. माज्या आईच्या पायाखालच्या दगडाला कुकू लावलं मी. देव म्हनून पुजला." त्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले.

माझ्या तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं. "तात्या, आईच्या पायाखालचा दगड पुजलात. मग त्यात चुकलं काय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं, सकाळचं राहिलेलं. खोरं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. म्हातारीचा खड्डा जरा रुंद करायचाय, मी उंद्या न्हेतो." आणि गुडघे धरत निघून गेले. ते खोरं अजून आमच्याकडंच आहे.

अण्णा कांड्यांची टोपली घेऊन नेहमीच्या जागी बसला. मी काठावर बसले, पाय आत सोडले. टाचा टेकवल्या. अकरा वर्षं टेकवत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं. डावा खळगा उजव्यापेक्षा जरा खोल आहे. माझाही डावा पाय जास्त चालतो. रोजच्या सवयीनं 'देवा, माफ कर' ओठांवर आलं होतं.

ते गिळलं. म्हटलं, "आई, बसते गं."

"दार लावू का?" अण्णानं विचारलं.

"राहू दे उघडं," मी म्हटलं आणि धोटा टाकला.